भर सभेतला रियाज

"शिंकायचं तर समेवर शिंक," असं पोटच्या पोराला सांगणारा बाप तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय, कंधारला आमच्या शेजारीच राहायचा. गाव त्यांना बुवा म्हणे. बायको लवकर गेली, तेव्हा दोन मुलं आणि एक मुलगी त्यांनी पेटीजवळ बसवूनच वाढवली. थोरला तबल्यावर, धाकटा गायला, मुलगी टाळांवर. कुणी चुकलं की बुवांची पेटी थांबायची. "पुन्हा. पहिल्यापासून." जमेपर्यंत कुणाला ताट मिळत नसे, आणि तोवर ती ओळ आमच्या घरीही पाठ झालेली असे.

मग दोघा पोरांचा पक्ष फुटला. थोरला एका नेत्याकडे गेला, धाकटा दुसऱ्याकडे. भाऊ भावाशी बोलेना. "भाकर वाढ" हा निरोपही बहिणीमार्फत जाऊ लागला. माझा लाउडस्पीकरचा धंदा, बुवांच्या कार्यक्रमांना मीच असे, त्यामुळे बुवांचं माझ्यापाशी मन मोकळं व्हायचं. एकदा म्हणाले, "नेते काय, उद्या एक होत्याल. माझ्यामागं ही दोघं एका सतरंजीवर बसत्याल का, ते सांग."

प्रचाराची गाणी म्हणायला दोन्हीकडून बोलावणं आलं. बुवांची अट एकच: येईल तर सगळं घर येईल.

नायगावला थोरल्याच्या नेत्याची सभा होती. धाकट्याला त्याच नेत्याचे गुण गायचे होते. पठ्ठ्यानं मुद्दाम सूर सोडला. थोरल्यानं चिडून लय पळवली. नेते हात जोडत व्यासपीठावर चढत होते, तोच पेटी थांबली.

"पुन्हा. पहिल्यापासून," बुवा माईकवरच म्हणाले.

"बुवा, चालू द्या की," नेते कुजबुजले.

"सायेब, तुमी खालीच थांबा जरा. पोरं चुकायलेत."

पुन्हा सुरू, पुन्हा बंद. नेते हारासकट पायरीवर उभे. शेवटी थोरल्याला हसू फुटलं, मग धाकट्याला, आणि गाणं असं जमलं की विरोधकांनीही टाळ्या दिल्या. परतताना जीपमध्ये दोघं पक्षावरून कडाकडा भांडत होते. भांडत होते, म्हणजे बोलत होते. बुवा पुढच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन बसले होते.

बुवा गेले, तोवर नेते खरोखरच एक झाले होते. तेराव्याच्या भजनाला दोन्ही नेते शेजारी बसून श्रद्धांजलीच्या भाषणाची वाट पाहत होते. धाकटा गाता गाता अडला. थोरल्यानं जन्मात कधी गायलं नव्हतं. तबला वाजवता वाजवता त्यानं ओळ उचलली. गळा फाटका, सूर कुठल्या कुठे. धाकट्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सबंध अभंग त्याला तसाच म्हणू दिला.