दोनशे रेघांचा बांध

नाव: आमोस कृपादान भिंगारदिवे. वय: चौतीस. हुद्दा: कनिष्ठ सहायक, यंत्रविभाग. वर्तणूक: समाधानकारक. शत्रुत्व: कोणाशीही नाही. नगरजवळच्या एका कारखान्याच्या दप्तरात १९७३ साली या इसमाची एवढी नोंद आहे. ज्याने ती केली, त्याने आमोसला जवळून पाहिलेले नसावे.

शत्रुत्व होते. नेवाशाकडच्या गावी आमोसच्या वडिलांच्या रानाला लागून शेट्यांचे रान. दर नांगरणीला शेट्यांचा नांगर मधला बांध कोरी. एका खेपेला एकच तास, म्हणजे फाळाची एक ओळ; अधिक हाव नाही. वीस वर्षांत तीस फूट रान पलीकडे गेले. बहात्तरच्या दुष्काळात पेरणी कुणाचीच झाली नाही, बांध तेवढा सरकला. तलाठी पाहणीला आला आणि शेट्यांच्या ओट्यावर चहा पिऊन गेला. म्हातारा कृपादान मरेपर्यंत पावलांनी रान मोजत होता.

त्याच शेट्यांचा सूर्यभान या कारखान्यात सुट्या भागांच्या विभागाचा साहेब होता. मार्चअखेर सगळ्या भागांच्या याद्या कॉम्प्युटरवर चढल्या की त्याला बढती मिळणार होती. ती मिळू द्यायची नाही, एवढेच आमोसने ठरवले.

यंत्रविभागातला कॉम्प्युटर जुना, मुंबईहून वापरून झालेला आणलेला. माहिती ठेवायला त्याला तबकड्यांची एक चळत लागे. जेवणाची ताटे एकावर एक रचावीत तशी, वर मूठ असलेले झाकण. उचलून काढायची, दुसरी बसवायची. जुन्या चळतीत शंभर गोल रेघा मावत, आणि रेघेचा नंबर लिहायला यंत्राकडे दोनच घरे: शून्य ते नव्याण्णव. त्या वर्षी दोनशे रेघांची मोठी चळत आली. शंभर नंबरची रेघ यंत्र शून्य समजे आणि पहिल्याच नोंदीवर लिहून मोकळे होई. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, नवे यंत्र घ्या.

आमोसने तीन आठवडे डोके खाजवले आणि गावाकडचाच उपाय केला: पोटहिस्से पाडले. पन्नास-पन्नास रेघांचे चार; प्रत्येकाचे नंबर पुन्हा शून्यापासून. यंत्राला दर वेळी वाटे, आपल्यापुढे लहानच चळत आहे. कुठला हिस्सा कुठे संपतो त्याचा तक्ता आमोसच्या हाती. तिसरा हिस्सा सूर्यभानला मिळाला, चौथा भांडाराला.

दर सोमवारी आमोस त्या दोघांमधली हद्द एक रेघ सूर्यभानच्या बाजूला सरकवी. रिकामीच रेघ घेई; लिहिलेलीला हात लावत नसे. चौदा सोमवार गेले आणि सूर्यभान यंत्राच्या खोलीत आला.

"आमोस, जागा न्हाई म्हनतंय रं तुझं यंत्र. पन्नास रेघा दिल्या हुत्या ना?"

"दिल्या हुत्या की, सूर्यभाननाना."

"मग आता छत्तीसच कशा?"

"तवा मोजून घेतल्या हुत्या का?"

"असलं कुनी मोजत बसतं व्हय?"

"आमचा बा बसायचा."

सूर्यभानने यंत्राकडे पाहिले, मग आमोसकडे. त्या गावच्या माणसाला याहून जास्त सांगावे लागत नाही.

"माझा बांध कोरतो व्हय रं तू?"

"नाना, हितं नांगर कुठं हाय?"

सूर्यभान तडक मॅनेजरकडे गेला. मॅनेजर पुण्याच्या पेठेत वाढलेले. रिकाम्या रेघा कोण कशाला चोरील आणि थोड्याथोड्या करून चोरायचे कुणाला सुचेल, असे त्यांनी विचारले. सूर्यभानला उत्तर येत होते. पण ते द्यायचे तर आधी घरच्या रानाची हकीकत सांगावी लागली असती. त्याने लेखी तक्रार तेवढी दिली. मॅनेजरांनी रीतसर चौकशी लावली. हद्दींचा तक्ता वाचता येणारा माणूस कारखान्यात एकच होता, म्हणून चौकशी त्याच्याकडेच आली. पुढच्या सोमवारी अहवाल सादर झाला:

"तिसऱ्या व चौथ्या हिश्श्यांमधील हद्दीची प्रत्यक्ष तपासणी केली असता ती जागच्या जागी व अबाधित आढळून आली. सबब तक्रारीत तथ्य नाही. आ. कृ. भिंगारदिवे."

त्या दिवशी त्याने हद्द दोन रेघा सरकवली. दोन्ही भरलेल्या होत्या.