उलटी केलेली सायकल

विरूपाक्षाबद्दल कुणी विचारलं की मी चांगलंच बोलतो, कारण वाईट बोलायला त्यानं जागाच ठेवलेली नाही. माझा त्याच्यावर राग आहे तो त्याचाच. राजारामपुरीत आमची सायकल दुरुस्तीची दुकानं समोरासमोर, मधे फक्त बारा पावलांचा रस्ता. दोघांनी एकाच उस्तादाच्या हाताखाली पंक्चर काढायला सुरुवात केली, दुकानंही एकाच वर्षी टाकली. तीस वर्षं झाली त्याला. गर्दी मात्र कायम त्याच्या दारात.

माझ्याकडं काचेचं कपाट आहे, लाइटचा बोर्ड आहे, हवेचं मशीन आहे. त्याच्याकडं एक गोणपाट, एक लाकडी पेटी आणि बसायला फळी. तरी शाहूवाडीकडचा माणूस डुलणारं चाक घेऊन एसटीनं येतो तो त्याच्याकडं. चाकाचा आउट काढणं, म्हणजे तारा आवळून नाहीतर ढिल्या करून वाकडं चाक सरळ करणं, यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. तो चाक फिरवतो, डोळे मिटतो, तारांवरून नख ओढतो आणि नुसत्या आवाजावरून कुठली तार ढिली आहे ते सांगतो. मीही गुपचूप नख ओढून बघितलंय. मला सगळ्या तारा सारख्याच ऐकू येतात.

सोमवारी त्याचं दुकान बंद असतं. त्या दिवशी लोक माझ्या पायरीवर उभे राहून मलाच विचारतात, विरूपाक्ष उद्या किती वाजता येणार? मी सांगतो नऊला. मनात काय काय सांगतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि हा माणूस दुपारी डबा उचलून माझ्याच दुकानात जेवायला येतो. तो गडहिंग्लजकडचा. त्याची बायको रत्नव्वा डब्यात नेहमी दोन भाकरी जास्त घालते, माझ्यासाठी. मी त्या खातो. खाताना मला त्या भाकरीचासुद्धा हेवा वाटतो, आता बोला.

दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की याच्या पुढं जायचं. पुण्याला नवीन सायकलींचं चार दिवसांचं ट्रेनिंग होतं, तिथं जाऊन आलो. गिअर, डिस्क, तेलाचे ब्रेक, सगळं शिकलो. सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं. एकाही गिऱ्हाइकानं ते वर मान करून वाचलं नाही. विरूपाक्षानं तेवढं वाचायचा प्रयत्न केला, आणि चांगलं केलंस म्हणाला.

यंदा जून सरता सरता गल्लीत एक टेंपो थांबला. त्यातून वर्षाराणी नावाची बाई उतरली. ती टेंबलाईवाडीची, मोड आलेली कडधान्यं घरोघर पोचवायची आणि त्याच फेरीत दोन पोरांना शाळेत सोडायची. दुचाकीनं ते जमेना म्हणून तिनं मालवाहू सायकल मागवली होती, मागचा भाग नेहमीपेक्षा हातभर लांब असलेली. त्यावर दोन पोरं बसतात आणि दोन्ही बाजूंना पिशव्या लागतात. सायकल सुटी, खोक्यात आली होती. जोडायला माणूस पाहिजे होता.

ती सरळ माझ्याकडं आली. मी उठून उभा राहिलो, शर्ट नीट केला. अशी सायकल माझ्याशिवाय या गल्लीत कुणाला येणार? बाईनं विचारलं, "विरूपाक्षमामा कुठं बसतात?"

मी बोट दाखवलं आणि खाली बसलो.

विरूपाक्षानं खोकं उघडलं. लांब सांगाडा बाहेर काढून त्यानं त्याच्यावरून हात फिरवला, एखाद्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग पुठ्ठ्याखालचं इंग्रजी पुस्तक काढलं, पानं उलटली आणि मला हाक मारली. "बाळासो, जरा येतोस काय? ह्यात काय लिवलंय बघ की."

माझ्या दुकानात कुत्रंसुद्धा नव्हतं. मी म्हणालो, "गिऱ्हाईक हाय."

त्यानं माझ्या रिकाम्या पायरीकडं बघितलं, बरं म्हणाला आणि पुस्तक पेटीवर ठेवलं.

नंतर त्यानं तेच केलं जे आम्ही दोघं उस्तादाकडं होतो तेव्हापासून, चाळीस वर्षं करत आलो आहोत. आमच्याकडं कुठलीही सायकल कामाला आली की पहिल्यांदा उलटी करायची, सीट आणि हँडलवर उभी करायची, चाकं आभाळाकडं. उस्तादानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. हात आपोआप तसे जातात. विरूपाक्षानं गोणपाट पसरलं आणि ती लांबलचक सायकल उलटी करून उभी केली.

पुण्यातल्या मास्तरानं आम्हाला पहिल्या तासाला सांगितलं होतं की तेलाच्या ब्रेकची सायकल कधी उलटी करायची नाही. ब्रेकच्या मुठीजवळच्या डबीत तेलाबरोबर थोडी हवा असते. सायकल उलटी करून मूठ दाबली की ती हवा नळीत शिरते. मग ब्रेक वरवर लागल्यासारखा वाटतो आणि वजन पडलं की दगा देतो. आम्ही सगळे मेकॅनिक तेव्हा हसलो होतो, कारण सायकल उलटी न करता काम कसं करायचं हेच कुणाला सुचेना. या सायकलीची तर मागची नळीही लांब. आणि विरूपाक्ष चाक फिरवायचा, मूठ दाबायचा, परत फिरवायचा, परत दाबायचा.

मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. मी चहा मागवला. खुर्ची पुढं ओढून बसलो. तीस वर्षांनी विरूपाक्षाचं पहिल्यांदा काहीतरी चुकत होतं आणि गल्लीत ते फक्त मला कळत होतं. आता बाई चिडून परत येणार, गल्ली गोळा होणार, मग कुणीतरी वर मान करून माझी फ्रेम वाचणार. एवढंच मी दिवसभर मनात बघत बसलो.

काम मात्र त्यानं नेहमीसारखं देखणं केलं. मागच्या चाकाचा आउट केसाएवढाही ठेवला नाही. चेन नेहमीच्यापेक्षा लांब होती, ती गिअरवर खडखडत होती. तासभर गिअरची तार ओढून, सोडून त्यानं ती गप्प केली. पोरांचे पाय चाकात जाऊ नयेत म्हणून बाजूच्या पट्ट्या दोनदा काढून बसवल्या. मग सायकल सरळ करून गल्लीत रिकामी फिरवली. ब्रेक लागले. दुपारी तो डबा घेऊन आला तेव्हा मी पोट बिघडलंय म्हणालो आणि भाकरीला हात लावला नाही.

साडेचारला वर्षाराणी आली. शाळा सुटून पोरं बरोबरच होती, मोठी तेजस्वी आणि धाकटा आदर्श. पोरं उड्या मारत मागच्या गादीवर चढली. बाईनं सायकलीभोवती एक फेरी मारली, मामा झकास झालं म्हणाली आणि पायडलवर पाय ठेवला.

आमची गल्ली संपते तिथून उतार लागतो. उताराच्या तळाला मोठा रस्ता आहे, तिथं केएमटीच्या बसेस वळतात.

देवाशपथ सांगतो, तोपर्यंत माझ्या डोक्यात फक्त विरूपाक्षाची फजिती होती. पोरं नव्हती. आदर्शनं आईच्या कमरेला हात टाकलेले दिसले. मी खुर्ची पाडून पळालो. थांबा, थांबा म्हणून ओरडत होतो, पण बाईला वाटलं कुणीतरी कौतुकानं ओरडतंय. उताराच्या वीस पावलं आधी मी मागची दांडी धरली आणि दोन्ही पाय रोवले. चपलेचा पट्टा तुटला. सायकल थांबली.

बाई भडकली. मी पोरांना खाली उतरवलं आणि मूठ दाबून धरली. ती सावकाश आत येत येत हँडलला टेकली. दुसरीही टेकली. बाईनं उताराकडं बघितलं, खाली वळणाऱ्या बसकडं बघितलं आणि पोरांना जवळ ओढून घेतलं.

एवढ्यात विरूपाक्ष आला. त्यानं स्वतः मूठ दाबून बघितली. मी सांगितलं, उलटी केल्यामुळं नळीत हवा शिरलीय. तो बाईला म्हणाला, "चूक माझी हाय, ताई." बाई पोरांना घेऊन रिक्षानं घरी गेली.

आम्ही दोघं सायकल ढकलत परत निघालो. अर्ध्या वाटेत त्यानं विचारलं, "तुला कवापासनं म्हाईत हुतं?"

आत्ताच लक्षात आलं असं म्हणता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण मी म्हणालो, "तू उलटी केलीस तवापासनं."

"मी पुस्तक वाचाय बोलवलं, तवाबी?"

"व्हय."

त्यानं मान हलवली. सायकल माझ्या दुकानासमोर आणून उभी केली, तूच कर म्हणाला, आणि आपल्या फळीवर जाऊन बसला. मी हँडल उंच बांधलं, मूठ दाबत-सोडत नळीतले बुडबुडे वर काढले. समोरून तो सगळं बघत होता, शिकत होता.

दुसऱ्या दिवशी बाई आली तेव्हा तिच्याबरोबर शेजारच्या चारपाच बायका होत्या. माझ्या दारात उभं राहून तिनं मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं की या बाळासोमामांनी माझी पोरं वाचवली, लांबून बघून ओळखलं आणि जिवाच्या आकांतानं धावले. मला कुठं बघावं कळेना. मग ती रस्त्यापलीकडं वळली आणि म्हणाली, "काय विरूपाक्षमामा, खरं की न्हाय?"

विरूपाक्षाच्या मांडीवर एक चाक होतं. त्यानं वर बघितलं, आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं.

"खरं हाय," तो म्हणाला. "त्यो धावला म्हणून पोरं वाचली."

आणि डोळे मिटून तारांवरून नख ओढू लागला. बायका माझी फ्रेम वाचत होत्या. त्या वेळी मला त्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा तीस वर्षांत कधी वाटला नव्हता.