तेजरामभाऊंनी राखलेला दिवा

आज विश्वकर्मा पूजा. देवाला फुलं वाहिली आणि वही घेऊन बसले. रोज चार ओळी लिहिते. आज जास्त लिहीन, कारण तेजराम कापगते या माणसाबद्दल कुठंतरी लिहून ठेवायलाच पाहिजे. गोष्टीला आज बरोबर वर्ष झालं.

तेजरामभाऊ मूळचे साकोलीकडचे, धानाच्या शेतीतले. बत्तीस वर्षं त्यांनी इथं भिलाईच्या स्टील प्लांटच्या फायर ब्रिगेडमध्ये काढली. रिटायर झाल्यावर घरी करमेना, म्हणून विमानं दुरुस्त करायच्या एका वर्कशॉपात सेफ्टीचं काम धरलं. खुर्सीपारहून स्कूटरनं कुम्हारीवरून जातात. तिथं काही मोठी विमानं नसतात, पायलट लोकांना शिकवायची लहान लहान येतात. माझा सुजय तिथंच टेक्निशियन आहे. भाऊंचं नाव मी पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकलं, तेही धड नाही. पोरं त्यांना 'नाहीकाका' म्हणत.

"आई, त्यायले एकच शब्द येते. मोबाइल आत नाही. तेलकट चिंध्या उघड्यावर नाही. नायलॉनचा शर्ट नाही. परवा मी केस विंचरून राहिलो होतो तर म्हणते, टाकी उघडी आहे, कंगवा नाही. आता कंगव्यानं आग लागते का?"

"बायकोले तरी हो म्हटलं असंन का रे त्यानं?" मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

भिलाईच्या माणसाला आगीचं भय असं नाहीच. रुआबांध्याच्या आमच्या गच्चीवरून प्लांटकडचं आभाळ लाल दिसतं, ते बघतच पोरं वाढली. यजमान प्लांटमध्ये क्लार्क होते. दर विश्वकर्मा पूजेला त्यांच्या खात्यात माझ्या हातचा दिवा, कापूर आणि शिरा जायचा. यजमान रिटायर झाले, तो नेम मी सुजयच्या वर्कशॉपात नेला.

मागच्या वर्षी मी पोचले तेव्हा तेजरामभाऊ आले नव्हते. कुम्हारीजवळ ट्रक आडवा झाला होता आणि रस्ता तुंबला होता. पोरांनी हौसेनं एका विमानाला झेंडूचा हार घातला होता. पंखाखालीच चौरंग मांडला. पंखातली पेट्रोलची टाकी आदल्या दिवशी रिकामी करून, झाकण काढून वाळत ठेवली होती. खाली ट्रे होता, त्यात थेंब थेंब पडत होतं. सुजय म्हणाला, "रिकामीच आहे, पूजेला काय होते?"

मोठ्या दारातून वारा येत होता. दिवा राहायचा नाही म्हणून मीच सुजयला सांगितलं, "दार लावून घे बापा." त्यानं लावलं. वास येत होता, पण वर्कशॉप म्हटलं की वास असणारच. पितळेच्या दिव्यात काठोकाठ तेल घातलं, वात सरळ केली आणि माचिसची काडी काढली. सुजय माझ्या अगदी बाजूला उभा होता. सकाळपासून त्याच टाकीचं काम केलेलं, त्याची बाही कोपरापर्यंत पेट्रोलनं ओली होती.

लहान दारातून कोणी तरी आलं. ओरडलं नाही. लहान लेकराशी बोलावं तसं म्हणालं, "वहिनी, हात तसाच ठेवा."

मी वळून पाहिलं. पांढऱ्या मिशांचा, घामानं निथळलेला माणूस. जवळ येऊन त्यांनी माझ्या हातातली काडी घेतली, मग माचिस घेतली आणि खिशात घातली.

मला फार राग आला. "देवाच्या कामात आडवे कावून येता, भाऊ?"

तिथले मॅनेजर भूपेंद्र साहेब म्हणाले, "काका, पाँच मिनट की तो बात है. शुभ काम में टोका मत करो."

"नाही," तेजरामभाऊ म्हणाले. पोरं हसली.

भाऊ कपाटाकडे गेले, मोबाइलएवढं एक यंत्र आणलं आणि चौरंगाशी उकिडवे बसून जमिनीलगत धरलं. ते इतक्या जोरानं किंचाळलं की मी मागे सरकले. माझ्या थाळीच्या खाली, माझ्या पायांशी, सुजयच्या बुटांशी, जिथं धरलं तिथं किंचाळत होतं. कोणी हसलं नाही.

"पेट्रोलची वाफ जड असते, खाली बसते. दार लावलं म्हणून इथंच साचली. फॅनच्या बटनाले हात लावू नका कोणी, बटनाची काय, कंगव्याची ठिणगीही पुरते. हातानं दार ढकला अन् सारे बाहेर."

मी सुजयची ओली बाही धरली. बाहेर येईपर्यंत सोडली नाही.

पूजा झाली, पण बरीच लांब, निंबाखाली. चौरंग विमानाकडे तोंड करून ठेवला आणि माझी माचिस भाऊंनी आपल्या हातानं मला दिली. आरती होईपर्यंत ते आग विझवायचा सिलिंडर घेऊन मागे उभे होते. आरती झाली, प्रसाद वाटला, सगळे निघाले. तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, दिवा असा सोडून जाता येत नाही."

आता माझी पाळी होती. "भाऊ, देवापुढचा दिवा मी विझवत नाही. आजवर नाही विझवला."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार 'नाही'. त्यांनी दिव्यातल्या तेलाकडे पाहिलं. "मग बसू," म्हणाले, आणि मातीत मांडी घातली.

सव्वा तास बसलो आम्ही. भाऊंचा डबा आतच राहिला होता, पण ते दिव्यापासून उठले नाहीत. माझा शिरा खाल्ला. मी विचारलं तेव्हा सांगितलं, त्यांच्या गावचा चिंधू इथं वेल्डर होता. भाऊंच्या नोकरीचं दुसरं वर्ष. सुट्टीच्या दिवशी गॅरेजात भेटायला गेले, तर चिंधू रिकाम्या ड्रमाला वेल्डिंग करायला बसला होता.

"मले वास आला होता, वहिनी. पण तो म्हणे, रिकामाच तर आहे. रिकामाच वाईट असते, आत वाफ भरून राहते. म्या नाही म्हटलं नाही. च्या आणाले गेलो, तेवढ्यात झालं. त्याच्या मायले सांगाले मीच गेलो होतो."

वात तडतडली, लहान झाली आणि आपोआप शांत झाली. त्यांनी बोटानं वात चाचपली, पितळ गार झालं का पाहिलं, मग दिवा दोन्ही हातांनी उचलून माझ्या थाळीत ठेवला. मी वाकून नमस्कार केला. ते घाबरून मागे सरले. "नाही, नाही, वहिनी!"

त्या दिवसापासून संध्याकाळच्या दिव्याशी घरच्यांसोबत त्यांचंही नाव घेते. सुजय आता त्यांना काका म्हणतो, नुसतं काका.

आज सकाळीच त्यांचा फोन आला. "वहिनी, जागा झाडून ठेवली निंबाखाली. सुती लुगडं नेसजा. अन् तेल जरा कमी टाकजा, मागच्या साली लय भूक लागली होती."

तेल मी तेवढंच घेतलं आहे, काठोकाठ. सोबत त्यांच्यासाठी भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा बांधला आहे. सुजय खाली हॉर्न वाजवून राहिला.