हिच्या नावाचं खातं

वाळत घातलेल्या आमसुलांचा वास आला की तो उन्हाळा आठवतो. बायको नुकतीच गेली होती. मुंबईहून आलेल्या मुलीने माझ्या मोबाईलवर हिशोबाचं अ‍ॅप घातलं, तर खाती दिसली दोन, एक माझ्या नावाचं, एक हिच्या. हिने माझ्यापासून लपवलं होतं की काय? मुलगी म्हणाली, "तुमचं दोघांचं खातं एकच हो बाबा, इथे दोनदा जोडलं गेलंय. आईचं काढते." आता मला पोरीचाच संशय आला. "आईचंच कशाला गो? डोळा आहे काय तुझा त्यावर?" "बाबा, पैसे बँकेतच राहतात. इथलं फक्त नाव जाईल." "मग माझं काढ." तिने माझं काढलं. त्या अ‍ॅपवर माझा अजून विश्वास नाही. रोज उघडून बघतो, हिचं नाव कोणी काढलं तर नाही ना.