धोब्याचं, शिंप्याचं आणि मावशीची

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत मिलीमीटरबाईंनी उभी हयात अंडी मोजण्यात घालवली. कोंबडीची नव्हेत हो, कोकिळेच्या कुळातल्या कुक्कूची! ही बया स्वतः घरटं बांधेल तर शपथ. अंडं घालायचं दुसऱ्याच्या घरट्यात आणि आपण पसार. कुठल्या पक्ष्याच्या घरट्यात सापडलेलं अंडं किती लांब, किती रुंद, हे मोजून ठेवायचं काम बाईंचं. पक्षी छोटा असला की त्याच्या घरट्यातलं कुक्कूचं अंडंही जरा छोटंच भरायचं, आणि त्याचं बाईंना शेवटपर्यंत नवल वाटलं.

अंडी सगळी कुक्कूचीच. म्हणून त्या खोलीत 'कुणाचं?' विचारलं, की घरटं कुणाचं ते सांगायचं. धोबी पक्ष्याच्या घरट्यातलं ते धोब्याचं, शिंपी पक्ष्याच्या घरट्यातलं ते शिंप्याचं. दाराबाहेरून ऐकणाऱ्याला वाटे, आत कपड्यांचा हिशोब चाललाय!

निवृत्तीनंतरही बाईंना खिडकीजवळची ती अंडी ठेवायची कापसाची खोकी आठवत, आणि टेबलाखाली मांडी घालून बसलेली भाची. काय दिवस होते ते! धाकटी बहीण गेली तेव्हा पोर रांगत होती. "जरा बस्तान बसू दे ताई, मग नेतो," म्हणून तिचे वडील दूरच्या गावी नोकरीला गेले. बस्तान बसता बसता पोर दुसरीत गेली. शाळा सुटली की स्वारी थेट खोलीत. बाईंनी अंड्याला मापाचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, लावला रे लावला, की टेबलाखालून आवाज यायचा, "मावशी, हे कुणाचं?"

अन् एक दिवस मेहुणे दारात उभे. हातात पोरीसाठी नवे बूट.

"ताई, आता घर झालंय. तिला न्यायला आलोय."

बाईंच्या पायांखालची जमीनच सरकली. पण बाप तो बाप. त्या हातातलं अंडं कापसावर ठेवून उभ्या राहिल्या.

बूट काही केल्या पोरीच्या पायात जाईनात. मेहुणे ओशाळले. तिच्यासमोर उकिडवे बसून लाडाने म्हणाले, "राहू दे. सांग बघू, तू कुणाची?"

"मावशीची," पोर पटकन म्हणाली.

त्या माणसाचा चेहरा असा उतरला की बाईंना बघवेना. आता नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी काम फत्ते होतं, पोर राहिली असती. पण अर्धा मिलीमीटरही कधी इकडचा तिकडे न केलेल्या बाई त्या, राहतील कशा?

"अहो, मनाला लावून घेऊ नका," त्या घाईघाईने म्हणाल्या. "तिला तसं नाही म्हणायचं. या खोलीत 'कुणाचं' विचारलं की आम्ही घरटं सांगतो. तीच सवय लागलीय तिला."

बोलून गेल्या आणि मग कळलं, आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलाय.

मेहुण्यांनी ते बूट उचलून बगलेत धरले.

"मग बरोबरच सांगितलं की तिने," ते म्हणाले. "राहू दे तिला इथेच. तिच्या पावलाचं माप तेवढं द्या, ताई. सुट्टीत येईन तेव्हा नीट बसणारे आणतो."

बाईंनी पट्टी घेतली, पोरीचं पाऊल मांडीवर घेतलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना माप घेता येईना. डोळ्यांतल्या पाण्याने आकडेच दिसत नव्हते.