वरच्या मजल्यावरचा अर्धा तास

चिनी गाण्यांच्या रेडिओ स्टेशनच्या मॅनेजरने मला फसवलं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, एडिसन गावातल्या माझ्या वाणसामानाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ते स्टेशन होतं, जागा माझीच. भाडं वाढवायचं नाही आणि त्याबदल्यात दर रविवारी दुपारी मला मराठी कार्यक्रमासाठी वेळ, असा सौदा मी घासाघीस करून पक्का केला. तो पंधरा मिनिटं म्हणत होता, मी अर्धा तास मिळवला. हरल्यासारखा चेहरा करून त्याने हात मिळवला.

कार्यक्रम बायको करायची. शेजारी स्टेशनची चिनी निवेदिका बसे. एक शब्द कळत नसताना ती डोळे मिटून ऐकायची, मग दोघी तिच्या थर्मासमधला चहा प्यायच्या. खाली तांदळाच्या गोण्यांपाशी मी मॅनेजरने भेट दिलेला रेडिओ लावून बसायचो. आधी चिनी गाणं यायचं, पाण्यावरून आल्यासारखं, आणि ते विरताना बायकोचा आवाज, "नमस्कार, जेवणं झाली का?" उन्हात धूळ तरंगत असायची. गिऱ्हाईक आलं तरी मी उठत नसे. वाटायचं, आत्ता सगळ्या मराठी घरांतून हाच आवाज फिरतोय.

खाली आल्यावर बायको विचारायची, कुणाचा फोन आला का? कधीच आलेला नसायचा.

एकदा ओळखीच्या एका काकूंवर मी दुकानातच भडकलो. आपल्या माणसाचं जरा कौतुक करवत नाही?

"अरे, बटण फिरवून बोटं दुखली," त्या म्हणाल्या. "ते स्टेशन लागतं कुठे? आम्हाला वाटलं, तू थापा मारतोस."

तसाच वर गेलो. निवेदिका गोंधळली, तिला वाटत होतं, मला ठाऊक आहे. त्यांचं स्टेशन साध्या रेडिओवर लागतच नाही. त्याला वेगळा संच लागतो, तो स्टेशनच विकतं, आणि तो फक्त चिनी घरांत होता. शिवाय माझ्या दुकानात. ती म्हणाली, आमच्या आज्या दर रविवारी तुमच्या बायकोची वाट बघतात.

माझ्या मागोमाग वर आलेली बायको हे ऐकत उभी होती. पुढच्या रविवारी ती माइकपुढे बसली नाही, नंतरही कधी नाही.

मी जाब विचारला तेव्हा मॅनेजर शांतपणे म्हणाला, "तुम्ही अर्धा तास मागितलात. मी पूर्ण दिला."

दिला, कबूल. पण ती कुणाशी बोलायला येणार, हे हात मिळवताना तुला माहीत होतं. आज कुठेही असशील तर सांग, तेव्हा गप्प का बसलास?