खडकावरून पाहिलेला लोंढा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी मिरवतो, आणि मिरवायची मला लाज वाटत नाही. बाप मेंढरं राखायचा, त्याचा बापही तेच करायचा. पुसेगावच्या बाजूला थोडी कोरडवाहू जमीन होती, बाकी सगळा भरवसा मेंढरांवर. त्या घरातून मी हैदराबादला जाऊन बी.ए. झालो. पुढची हकिगत या अभिमानाला वगळून सांगता येत नाही, म्हणून आधीच सांगितलं.

राज्य निजामाचं, त्यामुळे कॉलेजात शिकवणं उर्दूतून. तत्त्वज्ञानाचे आमचे प्रोफेसर फार सुरेख बोलत. एकदा त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, जमाल आणि जलाल. फुलाचं सौंदर्य म्हणजे जमाल. पण समुद्रातलं तुफान किंवा डोंगरभर पेटलेला वणवा पाहून छाती दडपते आणि तरी नजर हटत नाही, तो जलाल. मराठीत त्याला उदात्त म्हणतात हे मला पुढे कळलं. अट एकच, ते म्हणाले, पाहणारा सुरक्षित जागी हवा. जीव धोक्यात आला की उरते ती नुसती भीती.

मग त्यांनी एकेकाला उदाहरण विचारलं. वर्गात बहुतेक वकील-तहसीलदारांची मुलं. कुणी मुंबईचा समुद्र सांगितला, कुणी विलायती चित्र. माझी पाळी आली तेव्हा मी नुसता उभा राहिलो. मागून कुणीतरी "मेंढी, मेंढी" म्हणून हसलं. आपल्यालाही असं काही दिसावं आणि वर्गात उठून सांगता यावं, ही हौस घेऊनच मी दसऱ्याच्या सुट्टीत गावी आलो.

आश्विनात लोकर कातरायच्या आधी आमच्याकडे मेंढरं नदीत धुतात. माणसं कमरेइतक्या पाण्यात रांगेनं उभी राहतात आणि एकेक मेंढरू चोळून पुढच्याच्या हाती देतात. हस्त नक्षत्राचे दिवस असतात. आपल्याकडे ऊन असतं आणि वर वाशिमकडे पाऊस पडून लोंढा खाली येतो. म्हणून वरच्या वळणाजवळच्या खडकावर एकाला राखणीला बसवतात. त्यानं कामाकडे पाहायचं नाही, विडी ओढायची नाही, तोंड फक्त वरच्या अंगाला. पाणी गढुळलं किंवा वळणावर काडीकचरा दिसला की घोंगडं डोक्यावर धरून हलवायचं. हाकेचा उपयोग नसतो, भिजलेली मेंढरं फार ओरडतात. घोंगडं हललं की चिलीम भरून होईल एवढा वेळ मिळतो. तेवढ्यात माणसं काठावर येतात.

बाप म्हणाला, "बालिष्टर, तुमी खडकावर बसा. पाण्यात लेंगा भिजंल तुमचा."

सगळे हसले. काका, म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, म्हणाला, "बसू द्या की दादा. एवढी बुकं वाचून राहिलंय, पाणी तरी वाचंल."

मी बसलो. दुपारपर्यंत काही झालं नाही. मग आवाज आला, लांबवर दगडी रस्त्यानं गाड्या चालल्यासारखा. आणि वळणावर नदी उभी राहिली. या काठापासून त्या काठापर्यंत तांबडी, माणसापेक्षा उंच. तिच्या माथ्यावर एक आख्खी बाभळ मुळांसकट गरगर फिरत होती. नजर हटेना. खडक उंच होता, मला काही होणार नव्हतं, आणि हेही मला त्याच क्षणी ठाऊक होतं. हाच जलाल, मी मनात म्हटलं. मनानं मी वर्गात उठून उभा राहिलो होतो. उर्दूत वाक्यं जुळवत होतो. बाभळीसाठी शब्द शोधत होतो.

घोंगडं खांद्यावरच होतं. लोंढा खडकाखालून गेला तेव्हा मी ते हलवलं.

काठाजवळचे चौघे निघाले, बापही निघाला. काका धारेच्या मधोमध होता. तो तिसऱ्या दिवशी दोन कोसांवर सापडला.

लोकांनी विचारलं. मी म्हणालो, दिसल्याबरोबर हलवलं. कुणी शंका घेतली नाही. शिकलेलं पोरगं खोटं कशाला बोलंल, असं म्हाताऱ्यांनीच एकमेकांना सांगितलं.

तेराव्यानंतर, हैदराबादला निघायच्या आदल्या दिवशी मी काकूकडे गेलो. ती लोकर पिंजत बसली होती.

"काकू, मला लोंढा आधी दिसला होता."

तिचे हात चालूच होते. "किती आधी?"

"माणसं निघाली असती एवढ्या आधी."

"मंग काहून न्हाई हलवलं? भ्यालास व्हय?"

तिथे हो म्हणता आलं असतं. भ्यालेल्याला आमच्याकडे माफी मिळते.

"न्हाई. बघत राहिलो."

"काय बघत राहिला?"

"पाणी. लई मोठं दिसून राहिलं होतं. तसं कधी बघितलं नव्हतं."

"बरं वाटत व्हतं तुला?"

"व्हय."

तिनं लोकर बाजूला ठेवली. मग म्हणाली, "दादांना सांगू नको. ते शाळा सोडायला लावतील. तू शिक बाबा, किती शिकायचं ते शिक. पर माझ्या दारात येऊ नको."

प्रोफेसरांनी चुकीचं काही शिकवलं नव्हतं. मी सुरक्षित होतो आणि समोरचं दृश्य खरंच भव्य होतं. पाण्यात माणसं असली तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. वर्गात त्या लोंढ्याविषयी मी कधी तोंड उघडलं नाही.

बी.ए. झालो तेव्हा बापानं गावभर गूळ वाटला. काकूच्या वाट्याचा गूळ घेऊन मलाच धाडलं, "पाया पड तिच्या" म्हणून. मी अर्ध्या वाटेवर थांबलो, गूळ एका गुराख्याला दिला, आणि घरी येऊन सांगितलं, पाया पडून आलो.